पाठमोऱ्यांचे आभार

आभार मानल्यावाचून ज्याला अन्न पचत नाही असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो आमच्या अमडापूरच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. या गावात मी तीस वर्षं शाळामास्तर होतो, त्यांतली पंचवीस वाचनालयाचा चिटणीस होतो, आणि एवढ्या काळात कृतज्ञतेची भाषणं इतकी ऐकली की त्यांतला खोटेपणा मला वासावरून कळतो. कंपाउंडरांच्या आभारांना तो वास कधी आला नाही. त्यांना फक्त लांबी होती.

त्यांना नाव होतं, आडनाव होतं, हजेरीपटावर ते रोज लिहिलंही जाई; पण गावाने त्यांना 'कंपाउंडर' एवढंच म्हटलं, आणि त्यांच्यानंतर त्या जागेवर आलेले दोघे म्हातारे होईपर्यंत 'नवे कंपाउंडर'च राहिले. उंच, काटकुळे, चालताना किंचित पुढे झुकलेले, जणू समोर कोणीतरी आहे आणि त्याचे आभार मानायचे राहिले आहेत. पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या खिशात बोथट टोकाची कात्री, डाव्या खिशात खळीची डबी. त्या काळी दवाखान्यातलं औषध बाटलीतून मिळे आणि बाटली घरून न्यावी लागे. कोणी तेलाची आणी, कोणी मधाची. कंपाउंडर ती विसळून तीत गुलाबी किंवा पिवळं मिश्रण भरत आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत; एक खाच म्हणजे एक डोस. त्यांच्याइतक्या समान खाचा जिल्ह्यात कोणी पाडत नसे, आणि बाटली हातात देताना, ज्याने ती आणली त्याचे ते आभार मानत. तापाने फणफणलेला माणूस उभा राहून ते ऐके, कारण ऐकल्याशिवाय बाटली सुटत नसे.

खामगावच्या एस.टी.तून उतरताना ते कंडक्टरचे आभार मानत, तेही मोघम नाहीत. "साहेब, खामगावपासून आपण अकरा वेळा घंटी वाजवली, एकही वाया गेली नाही." कंडक्टरला आधी ही थट्टा वाटली. दुसऱ्या खेपेला तो स्वतःच घंट्या मोजू लागला, आणि तिसऱ्या खेपेला आकडा दोघांचा जुळेना म्हणून चिखलीला जाणारी गाडी आमच्या फाट्यावर खोळंबून राहिली. शेवटी आतून एक म्हातारा म्हणाला, "आभार झाले असतीन तं डबल मारा ना बाप्पा." त्या म्हाताऱ्याचेही आभार मानले गेले, पण गाडी सुटल्यावर, पळता पळता.

स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपताच ते बोहल्यावरून आभार मानायला उभे राहिले होते. नवऱ्यामुलाने बोलायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांचे, आचाऱ्याचे, वाजंत्रीवाल्यांचे मानून झाल्यावर त्यांनी ज्या दोन घरी आधी त्यांची पत्रिका जुळली नव्हती त्या दोन्ही घरांचे मनःपूर्वक आभार मानले. त्यांतलं एक घर पंगतीला हजर होतं. ही गोष्ट मला त्यांच्या पत्नीने सांगितली. त्यांचं नवऱ्याविषयीचं गाऱ्हाणं एकच होतं. "भाजीत मीठ नसलं तरी आभार मानते हा मानूस. मंग मले कसं समजन का आज मीठ राह्यलं?"

तर असा माणूस आमच्या व्याख्यानमालेच्या वाट्याला आला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी ही व्याख्यानमाला सुरू झाली. राज्य नवं, उत्साह नवा. ज्ञान दारोदार पोहोचवायचं असं ठरलं, आणि आमच्या दाराशी ते मार्गशीर्षात तीन दिवस येऊ लागलं. वाचनालयापुढचं पटांगण, मागून आणलेल्या सतरंज्या, भाड्याचा माइक. अध्यक्ष कायमचे एकच, गावातले सर्वांत मोठे बागाईतदार. त्यांना व्याख्यानाचा विषय कोणताही चाले, कारण समारोपात ते नेहमी एकाच विषयावर बोलत आणि तो विषय ते स्वतः असत. पहिल्या वर्षी आभारांना माणूस नेमायचं राहून गेलं. दवाखान्याची गॅसबत्ती उसनी आणली होती, ती परत न्यायला कंपाउंडर आले होते. त्यांना माइकसमोर ढकललं. ते बावीस मिनिटं बोलले. पुढल्या वर्षी कोणी विचारलंच नाही, ते यादी घेऊनच आले.

त्यांच्या यादीत वक्ते आणि अध्यक्ष असतच. पण सतरंजी देणारा, सतरंजी झटकणारा, वक्त्याला पाणी देणारा आणि ते पाणी ज्या विहिरीचं तिचे मालकही असत. पटांगणाला लागून एका गवळ्याचा गोठा होता. त्याच्या म्हशीने व्याख्यानाच्या वेळी हंबरू नये म्हणून तो तिला आधी पेंड घालून ठेवी. त्याचे आभार दर वर्षी ठळक असत. हे सगळं ते त्यांच्या नेहमीच्या बोलीत सांगत नसत. माइक समोर आला की त्यांची वऱ्हाडी कुठे जाई कोण जाणे, आणि "ऋणनिर्देशाच्या या मंगल प्रसंगी" अशी एक इस्त्रीची भाषा बाहेर येई.

पण ती ऐकत कोणी नसे. आमच्याकडे 'आता आभारप्रदर्शन' हे शब्द म्हणजे शाळा सुटल्याची घंटा. 'आता' म्हणताच पुढची रांग गुडघ्यांवर येते. 'आभार' म्हणेपर्यंत मागचे लोक चपला शोधू लागतात, आणि 'प्रदर्शन' संपायच्या आत सतरंजीचं एक टोक कोणीतरी झटकायला घेतलेलं असतं. त्या धुळीत उभे राहून कंपाउंडर वाचत राहत. गवळ्याचं नाव येई तेव्हा गवळी म्हशीकडे गेलेला असे. अठरा वर्षं हे असं चाललं.

एकोणिसाव्या वर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव झाला, की पुढील वर्षापासून आभारांना फाटा द्यावा. अध्यक्षांनीच समारोपात 'सर्वांचे आभार' असे दोन शब्द म्हणावेत. ठराव मी मांडला होता. त्या दिवसांत मला वेळेच्या शिस्तीचं वेड होतं, आणि वेड लागलेल्या माणसाला आपण सुधारक आहोत असं वाटत असतं.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर माझ्या घरी खोकल्याची बाटली घेऊन आले. खोकला मला नव्हता, पण रिकाम्या हाताने येणं त्यांना बरं वाटलं नसावं.

"सर, ठराव बरोबर हाये," ते म्हणाले. "ऐकतच नाई कोनी, तं मानाचे कायले? पन यंदाचं शेवटचं माह्याकडं राहू द्या."

"राहू द्या म्हणजे काय, ते तुमचंच आहे."

"एक इच्छा होती. अठरा वर्षं पाठमोऱ्याईचे आभार मानले. एक डाव बसेल मानसाईचे मानाचे होते."

मी मास्तरी आवाजात म्हणालो, "थोडक्यात आटपा, म्हणजे बसतील."

"कोनाले सोडू, तुमीच सांगा." त्यांनी यादी पुढे केली. मी सोडण्याजोगं नाव शोधू लागलो. पहिलंच माझं होतं. मी यादी परत दिली.

त्या वर्षीच्या शेवटच्या दिवसाला वक्ते पुण्याचे होते. अध्यक्षांना पुण्याचाच माणूस हवा होता. विषय त्यांनी वक्त्यावर सोडला, आणि वक्त्यांनी कळवलं, 'जनुकांची अभियांत्रिकी'. गावात त्याआधीच वर्तमानपत्रांतून अर्धी-मुर्धी बातमी आली होती, की परदेशात माणसाचा गुण काढून जंतूत घालतात. शनिवारच्या बाजारात तिची वाढ होऊन, माणसाच्या तोंडाचं वासरू कुठेतरी जन्मलं, इथवर ती पोहोचली होती.

आता कंपाउंडरांची एक खोड सांगायची राहिली. ज्याचे आभार मानायचे त्याचा विषय ते आधी वाचून ठेवत, म्हणजे आभार नेमके होतात. ताऱ्यांवर व्याख्यान होतं त्या वर्षी ते महिनाभर गच्चीवर झोपले होते. यंदा त्यांना औषध कंपनीच्या फिरत्या माणसाने एक इंग्रजी पुस्तिका दिली, आणि तीन आठवडे ते डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. "सर, हा विषय आपल्या दवाखान्यातलाच निंगाला," असं ते मला रस्त्यात थांबवून सांगत. घरात काय चाललं होतं ते त्यांच्या पत्नीकडून कळलं. "उठता-बसता जंतूच्या पोटातलं कडं सांगून राह्यले. म्हटलं, जंतूले कडं, अन् मले ह्या दोन काचेच्या बांगड्या."

वक्ते आले. गृहस्थ विद्वान होते, यात शंका नाही. नुकतेच परदेशात सहा महिने राहून आले होते आणि ते सहा महिने व्याख्यानभर त्यांच्या शेजारीच बसलेले होते. त्यांनी लोडाऐवजी खुर्ची मागितली, विहिरीच्या पाण्याऐवजी स्वतःचा थर्मास काढला, आणि पाऊण तास बोलले. 'पुनर्संयोजन', 'निर्बंधक विकर', 'वाहक', 'रोधक्षमता' असे शब्द पटांगणावरून हारीने गेले. लोक मान डोलवत होते. न कळलेल्या गोष्टीला आमच्या गावात मान आहे; कळलेल्या गोष्टीत लोक चुका काढतात.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नांसाठी दोन मिनिटं ठेवली होती. ती दर वर्षी रिकामी जात. या वर्षी बायकांच्या बाजूने शेवंताबाई उभ्या राहिल्या. त्यांचा नाल्याकाठी भाजीचा मळा. वांगी, दुधी, ढेमसं घेऊन त्या दर बाजाराला बसत. नवऱ्याला साखरेचा आजार होता आणि त्याला रोज सकाळी दवाखान्यात सुई टोचून घ्यावी लागे.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आमचे मालक रोज सुई घेतेत. ते सुईतलं औषध आता जंतू करीन म्हनते. पन जंतूले कसं समजन, का औषध कसं कराचं?"

इतका सरळ प्रश्न माझ्या वर्गात तीस वर्षांत कोणी विचारला नाही. वक्ते हसले. वाईट हसले नाहीत, दमलेलं हसले. "बाई, प्रश्न चांगला आहे. पण या विषयाला एक पातळी लागते. ती नसेल तर मी सांगून उपयोग नाही."

"बरं साहेब," म्हणून शेवंताबाई पदर सावरत खाली बसल्या. मी कंपाउंडरांकडे पाहिलं. मंचाच्या टोकाला स्टुलावर ते बसले होते. त्यांनी यादीची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि ती खिशात ठेवून दिली. अठरा वर्षांत मंचावर ती यादी मी त्यांच्या हाताबाहेर पाहिली नव्हती.

अध्यक्षांचा समारोप झाला. आपण किती खटपटीने पुण्याचा माणूस आणला हे सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "आता आभारप्रदर्शन." पुढची रांग गुडघ्यांवर आली. मागे चपला वाजल्या. कंपाउंडर माइकपाशी आले आणि ऋणनिर्देशाचा मंगल प्रसंग कुठेच न काढता घरच्यासारखं म्हणाले, "शेवंताबाई, बसा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राह्यलं."

माइकवर वऱ्हाडी ऐकून लोक होते तिथेच थांबले. सगळं गाव अर्धं उठलेलं, असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. मग आपल्या कंपाउंडरचं पुण्याच्या माणसाशी भांडण लागणार, असा सगळ्यांचा समज झाला आणि लोक चटकन खाली बसले. भांडण सोडून आमच्या गावात कोणी घरी जात नाही.

कंपाउंडरांनी खिशातून औषधाच्या बाटलीची कोरी पट्टी काढली. तिच्यावर अंतर सोडून दोन खुणा केल्या, एक निळी, एक लाल, आणि दोन्ही टोकं खळीने जोडून तिचं कडं केलं. ते वर धरलं.

"जंतूच्या पोटात त्याची मोठी पोथी असते. तो कसा जगते, काय खाते, समदं तिच्यात लिहेल. त्याच्याबिगर काही जंतूपाशी हे एक बारकं कडं असते. याच्यावर काय लिहेल असते? आपल्या गोळ्याईले पुरून कसं उराचं, ते. ही निळी खून एका औषधाची, ही लाल दुसऱ्या औषधाची. हे असले कडेवाले जंतू वाढवले कोनं?"

लोक मागे वळून एकमेकांकडे पाहू लागले.

"तुमीनं. मी पाच दिसाच्या गोळ्या देतो. तुमी दोन दिस खाता, ताप उतरला का बाकीच्या फडताळात. बिनकड्याचे मरून जाते, कडेवाले मागं उरते अन् पोरंबाळं वाढवते. रामभाऊ, तुमी तं उरलेल्या गोळ्या बैलाले देल्ल्या."

"बैल बरा झाला पन," रामभाऊ तिसऱ्या रांगेतून म्हणाले. ते चार एकरांचे शेतकरी, वादात मागे हटणारे नव्हेत.

"बैल बरा झाला, जंतू पैलवान झाला."

लोक हसले. वक्त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मी मनगटावरचं घड्याळ पाहायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"आता शास्त्रज्ञानं काय पाह्यलं, का जंतू फुटून एकाचे दोन झाले का या कड्याचीही नक्कल निंगते. दोनाचे चार, चाराचे आठ, पोटात कडं हायेच. मंग त्यानं म्हटलं, याच कड्यात आपली एक ओळ घुसवली तं?" त्यांनी कात्री काढली. "ही कात्री कुठीबी कापत नाई. नेमकी काही अक्षरं दिसली का तिथंच कापते. अन् सरळ कापत नाई, पायरी पाडते." त्यांनी लाल खुणेच्या बरोबर मधोमध कडं कापलं, आणि अठरा वर्षं डोसांच्या खाचा पाडलेल्या त्या हाताने पाडलेली पायरी मागच्या रांगेलाही दिसली. "आता मानसाच्या पोथीतून साखरेच्या औषधाची ओळ उतरवून घेतली." त्यांनी कार्यक्रमाच्या पिवळ्या पत्रिकेचा एक कपटा कापला. त्यावर नेमकं अध्यक्षांचं नाव होतं. ते जनुक म्हणून कामी आलं. "हिच्या दोन्ही टोकाले तीच कात्री, तीच पायरी. पायरीत पायरी बसते. दुसऱ्या कात्रीची बसनार नाई." खळ लागली. कडं पुन्हा मिटलं, पिवळा तुकडा पोटात घेऊन. "हे झालं वाहन. आतापावतर हे औषध कोनत्या जनावरातून काढत ते मी सांगत नाई. इथं माळकरी बसेल हायेत."

शेवंताबाईंच्या मालकांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि पुण्याच्या माणसाकडे संशयाने पाहिलं. वक्त्यांनी नजर चुकवली.

"मंग जंतूले गारठवाचं अन् एकदम शेक द्याचा, का त्याचं दार किलकिलं होते अन् कडं आत जाते. पन लय झन घेतच नाईत. आता घेतलं कोनं, अन् नाई घेतलं कोनं, वळखाचं कसं? डोळ्याले तं दिसत नाईत."

मग तिसऱ्या रांगेतून रामभाऊंचाच आवाज आला. "औषध टाका ना. निळ्या खुनेचं. ज्याच्यापाशी कडं नाई तो मरन."

कंपाउंडरांनी हातातलं कडं खाली घेतलं आणि रामभाऊंकडे वळून पाहिलं. त्यांच्या आभारांना आजवर कोणी उत्तर दिलेलं नव्हतं.

"बराबर," ते म्हणाले. "बैलाचं सोडून देतो मी. पन अजून एक भानगड हाये. काही कडे आपली ओळ न घेताच रिकामे मिटते. तेही जगनच. आता पाहा, मी कात्री कुठी मारली होती? लाल खुनेच्या मधात. मुद्दाम. रिकामं मिटलं तं लाल खून साबूत. ओळ घुसली तं लाल खून फाटली. म्हनून आता लाल औषध टाकाचं. त्याच्यात जो मरते, तो आपला."

यावर गलका झाला. मेलेला आपला कसा, जगलेला का नाही, हा अन्याय आहे, इथपर्यंत मतं आली. रामभाऊ म्हणाले, "मेल्यावर काय त्याचं लोनचं घालाचं?" कंपाउंडर उत्तर द्यायला वळले, पण त्याआधी शेवंताबाई उभ्या राहिल्या होत्या.

"थांबा ना हो. हे तं दुधीसारखं हाये. वेलाचा एक दुधी कापून चाखतो आपन. कडू निंगाला का समजते, या वेलाचं समदं कडू. कापेल दुधी गेला, पन वेल तं जाग्यावर उभा हाये. कोनता वेल ते समजलं म्हंजे झालं."

"हाव," कंपाउंडर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "एका बशीत जंतू वाढवाचे. मखमलीच्या कपड्यानं त्याईचा ठसा दुसऱ्या बशीत उठवाचा, जागच्या जागी. लाल औषध दुसऱ्या बशीत. तिथं ज्या जाग्यावरचा मेला, त्याचा जुळा भाऊ पह्यल्या बशीत त्याच जाग्यावर जित्ता. तो उचलाचा. त्याले खाऊ घालाचं. एकाचे दोन, दोनाचे चार, अन् हरेकाच्या पोटात हे कडं, कड्यात आपली ओळ. शेवंताबाई, तुमी इचारलं, जंतूले कसं समजन. जंतूले काहीच समजत नाई. जे लिहेल असते ते तो करते. आपन फक्त कागदात एक तुकडा चिकटवला."

शेवंताबाई म्हणाल्या, "असं सांगा ना मंग." आणि बसल्या.

वक्ते खुर्चीवरून पुढे झुकले होते. त्यांनी हात पुढे करून ते कडं मागून घेतलं, पायरी पाहिली, लाल खुणेची दोन फाटकी टोकं पाहिली. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "कापायची जागासुद्धा." त्यांच्या शेजारचे ते परदेशातले सहा महिने तेवढ्यापुरते उठून कुठेतरी गेले होते. माणूस म्हणून ते मला पहिल्यांदाच तेव्हा दिसले, आणि बरे दिसले.

कंपाउंडर स्टुलावर जाऊन बसले. कपाळ पुसलं. कात्री उजव्या खिशात, डबी डाव्या खिशात. पटांगण तसंच बसलेलं. चिटणीस म्हणून मी कार्यक्रम संपला असं जाहीर करायला हवं होतं, पण तो संपला नव्हता. एवढं प्रत्येकाला कळत होतं, एक कंपाउंडर सोडून.

"कंपाउंडर," रामभाऊ म्हणाले, "आभार राह्यले ना तुमचे."

ते दचकून उठले. माइकपाशी येऊन त्यांनी खिशातून यादी काढली, दोन्ही घड्या उलगडल्या, आणि "ऋणनिर्देशाच्या या मंगल" इथपर्यंत म्हणून वर पाहिलं. समोर चेहरे होते. त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहून घेतले, औषधाची पातळी बाटलीवर पाहावी तसे.

"बसल्याबद्दल," ते म्हणाले, "आभारी हाये."

एवढ्यावर थांबते तर तो कोणी दुसरा माणूस झाला असता. त्यांनी यादी वाचायला घेतली. एकोणचाळीस नावं होती. ज्याचं नाव येई तो जागच्या जागी उभा राहून हात जोडी आणि पुन्हा बसे. विहिरीचे मालक उभे राहिले. सतरंजी झटकणारा उभा राहिला आणि त्या वर्षी सतरंजी झटकायची विसरला. गवळ्याचं नाव आलं तेव्हा तो भर गर्दीत रडवेला झाला. म्हशीला पेंड घालतो हे कोणाला ठाऊक आहे असं त्याला आजवर वाटलंच नव्हतं. सर्वांत शेवटी त्यांनी वक्त्यांचे आभार मानले, की आपण उत्तर शिल्लक ठेवलंत म्हणून मला बोलायला मिळालं. यात टोमणा होता का, हे मी नंतर त्यांना विचारलं. "नाई हो सर," ते म्हणाले, "खरंच आभार होते." मला तो खरा टोमणा वाटला.

पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचायची वेळ आली, तेव्हा ठरावाच्या पानावर शाई सांडलेली आढळली. ती कोणी सांडली याची नोंद इतिवृत्तात नाही. आभार चालू राहिले, पुढे कंपाउंडर निवृत्त झाल्यावरही. लोक बसू लागले. काही तर आभारांच्या वेळेलाच येऊ लागले, आणि अध्यक्षांचा समारोप आपोआप आखडला. गावाने गोळ्या पाच दिवस खायला सुरुवात केली असं मी म्हणणार नाही, पण बैलांना देणं थांबलं. पुण्याहून त्या प्राध्यापकांचं पत्र आलं, की मी आता वर्गात कागदाचं कडं कापून शिकवतो, आपले आभार. कंपाउंडरांनी आभारांबद्दल आभार कळवले. त्यावर पुन्हा पुण्याहून पत्र आलं. कोणीच मागे हटेना, त्यामुळे तो पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला. ते कडं शेवंताबाईंनी मागून घेतलं होतं. ते त्यांच्या बियाण्याच्या डब्यात, दुधीच्या बियांबरोबर असे.

कंपाउंडर गेले ते मार्गशीर्षातच, व्याख्यानमालेच्या आदल्या आठवड्यात. त्याच पटांगणावर शोकसभा झाली. त्याच सतरंज्या, भाड्याचा माइक. अध्यक्ष आता फार थकले होते, तरी काठी टेकत आले आणि पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाविषयी बोलले. शोकसभेत आभार मानत नाहीत, तशी रीतच आहे. दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मग न बोलता पांगायचं. आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं झाली. मी मान हलवली, लोक वळले, मागे चपला शोधल्याचा आवाज झाला.

शेवंताबाई मात्र खाली बसल्या. शेजारची बाई त्यांना उठवू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "काऊन उठून राह्यली बाई? आभार राह्यले अजून."

रामभाऊ बसले. मग गवळी बसला. मग एकेक करून सगळं पटांगण पुन्हा खाली बसलं, तोंडं माइकाकडे करून. माइकपाशी कोणी नव्हतं. तो बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि त्यातून नुसती खरखर येत होती. ती आम्ही पुष्कळ वेळ ऐकली. मध्ये कोणी उठलं नाही.